पोकळ गाभ्यातील प्रकाश : चिपवरील तरंग-मार्गदर्शकांची रचना व घडण

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी उल्हास नदीच्या खाडीवरील पूल ओलांडला म्हणजे भिवंडी तालुक्यातील कोन हे गाव लागते. ह्या पुलावरून पाण्याकडे पाहणाऱ्यास एक साधी गोष्ट दिसते. कठड्याखाली सरळ पाहिले तर पाणी मातकट व काळसर भासते, त्यात आकाशाचे प्रतिबिंब जवळजवळ नसते. नजर हळूहळू वर उचलून दूरवर नेली की तेच पाणी चकाकू लागते, आणि सूर्यास्ताच्या सुमारास तर त्याचा आरसा होतो. पाणी दोन्ही ठिकाणी एकच. बदलतो तो केवळ पाहण्याचा कोन. काटकोनात पडलेल्या प्रकाशापैकी पाण्याचा पृष्ठभाग शेकडा दोन भाग परतवितो. पृष्ठभागाला घासून जाणाऱ्या प्रकाशाच्या बाबतीत हे प्रमाण शंभराच्या जवळ जाते. प्रस्तुत लेखाचा सारा विषय ह्या एका निरीक्षणातून उलगडता येण्यासारखा आहे. गावाचे नाव त्याला सहजच साजेसे आहे.

ह्याच तालुक्यातून मुंबईला पाणी नेणारे मोठमोठे नळ गेलेले आहेत. तानसा तलावाचे पाणी 1892 पासून मुंबईस मिळू लागले, आणि त्यानंतर त्या मार्गावर एकामागून एक अधिक व्यासाचे नळ पडत गेले. नळातून पाणी वाहते ह्याचे कोणास नवल वाटत नाही. लोखंडाच्या पत्र्यातून पाणी पाझरत नाही एवढे कारण त्याला पुरेसे असते. नळात पाण्याऐवजी प्रकाश घातला तर मात्र प्रश्न एकदम अवघड होतो. काचेचा नळ घेतला तर प्रकाश काचेतून निसटतो. धातूचा घेतला तर प्रत्येक परावर्तनात धातू थोडा प्रकाश गिळतो. आणि नळ केसाहून बारीक करून सिलिकॉनच्या एका नखाएवढ्या तुकड्यावर बसवावयाचा म्हटले, तर ही अडचण शतपटीने नव्हे, लक्षपटीने वाढते. ती कशी वाढते व तिच्यावर कोणता उपाय सापडला, हे पाहावयाचे आहे.

प्रकाश वाहून नेण्याची रूढ रीत ह्याच्या अगदी उलट आहे. रस्त्याकडेच्या चरांतून जाणाऱ्या दूरसंचाराच्या केबलींमध्ये काचेचे तंतू असतात. तंतूचा गाभा भरीव असतो आणि त्याचा वक्रीभवनांक भोवतालच्या आवरणापेक्षा किंचित अधिक ठेवलेला असतो. दाट माध्यमातून विरळ माध्यमाच्या सीमेवर पुरेसा तिरपा पडलेला किरण बाहेर जाऊच शकत नाही. त्याचे संपूर्ण अंतर्गत परावर्तन होते. टिंडल ह्यांनी 1854 मध्ये लंडन येथे पाण्याच्या वक्र धारेतून प्रकाश नेऊन दाखविला तो ह्याच तत्त्वावर, आणि 1954 मध्ये हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी ह्यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेली तीही ह्याच तत्त्वावर. ह्या परावर्तनात तत्त्वतः काहीच गळत नाही. परंतु त्याची अट कडक आहे : गाभा भोवतालापेक्षा दाट हवा. हवेहून विरळ असे घन आवरण निसर्गात नाही. म्हणून गाभा पोकळ केला, की संपूर्ण परावर्तनाचा आधार तत्काळ सुटतो. किरण कितीही तिरपा पडो, त्याचा काही अंश भिंतीत शिरणारच.

मग पोकळीचा हट्ट कशासाठी? दूरसंचाराच्या दृष्टीने एक कारण वेगाचे आहे. काचतंतूतून एक किलोमीटर जाण्यास प्रकाशाला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात, हवेतून सव्वातीन ते साडेतीनच्या दरम्यान. दुसरे कारण असे की, तीव्र लेसर-किरणाने काच तापते, तिचे गुणधर्म पालटतात, क्वचित् ती फुटतेही; पोकळीला फुटण्याचे भय नाही. पण चिपवरील पोकळ मार्गदर्शकाच्या बाबतीत ही दोन्ही कारणे गौण आहेत. चिपवर अंतरच मुळी एक-दोन सेंटीमीटरांचे असते, तेथे वेगाचा लाभ तो कितीसा? खरे कारण तिसरे आहे. पोकळीत काहीतरी भरता येते. वायू, बाष्प, द्रव, एखादा विषाणू, जे तपासावयाचे ते नेमके त्या ठिकाणी ठेवता येते, जेथे प्रकाश सर्वांत दाट आहे. भरीव तंतूत प्रकाश काचेच्या सहवासात राहतो. पोकळ मार्गदर्शकात तो पदार्थाच्या सहवासात राहतो.

येथे कोणी विचारील की, भिंगाने प्रकाश एकवटून पदार्थावर टाकला तर तेच साधणार नाही काय? साधते, पण फारच थोड्या अंतरापुरते. मोकळ्या जागेतील प्रकाश जितका बारीक एकवटावा तितका तो लवकर पसरतो. सुमारे 0.8 मायक्रॉन तरंगलांबीचा किरण 5 मायक्रॉन त्रिज्येपर्यंत एकवटला, तर मिलिमीटरच्या एका दशांशात त्याचे क्षेत्रफळ दुप्पट होते. ह्याची दुसरी बाजू हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे उभ्या राहावयाच्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेच्या आराखड्यात दिसते. केंद्र सरकारने 2023 मध्ये मंजूर केलेल्या ह्या प्रकल्पात चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा आहेत. त्यांतील किरणाला भिंतींनी सांभाळावयाचे नाही. तो मोकळाच धावावयाचा आहे. म्हणून तो काही सेंटीमीटर जाड ठेवावा लागतो आणि अमेरिकेतील ‘लायगो’त नळ्यांचा व्यास सव्वा मीटरच्या घरात आहे. बारीक किरण लांबवर हवा असेल, तर त्याला वाट दाखविणाऱ्या भिंती हव्यातच. सेंटीमीटरभर लांबीचा मार्गदर्शक भिंगाच्या तुलनेत शंभरपट लांब सहवास घडवून आणतो, तोही लीटरच्या अब्जांशाएवढ्या पदार्थात. ह्या साऱ्या खटाटोपाचे मोल एवढ्यात आहे.

पोकळ नळीतून तरंग नेण्याची कल्पना तशी जुनी आहे आणि तिच्या आरंभी एक भारतीय नाव आहे. जगदीशचंद्र बसू ह्यांनी कलकत्त्यात मिलिमीटरच्या घरातील तरंगलांबीच्या विद्युत्-तरंगांवर जे प्रयोग केले आणि जानेवारी 1897 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखविले, त्यांत पोकळ धातूच्या नळ्या होत्या. त्याच वर्षी लॉर्ड रॅले ह्यांनी अशा नळ्यांचे गणित मांडले. रडारच्या काळात ह्या नळ्या सर्वत्र रूढ झाल्या. मिलिमीटर-तरंगांना तांब्याची भिंत जवळजवळ आदर्श आरसा असते. दृश्य प्रकाशाच्या कंपनसंख्येला मात्र धातूतील इलेक्ट्रॉन पुरेसे चपळ राहत नाहीत, आणि शोषण वाढते. तेव्हा धातू सोडून साध्या काचेच्या नळीत, निव्वळ घासत्या परावर्तनावर भिस्त ठेवून, काय साधते ते पाहणे ओघानेच आले. ते काम बेल प्रयोगशाळेतील मार्काटिली व श्मेल्टझर ह्यांनी 1964 मध्ये केले. त्यांचे सूत्र आजही ह्या विषयाचा पाया मानले जाते.

त्या सूत्राचा गाभा असा : पोकळ काचनळीतील प्रकाशाचे क्षीणन तरंगलांबीच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि नळीच्या त्रिज्येच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. काचेचा वक्रीभवनांक 1.5, तरंगलांबी 1 मायक्रॉन आणि त्रिज्या 1 मिलिमीटर धरली, तर क्षीणन किलोमीटरला केवळ 1.85 डेसिबेल येते. (दहा डेसिबेल म्हणजे दशांश उरणे, तीन डेसिबेल म्हणजे निम्मे उरणे, हे येथे स्मरणात असावे.) म्हणजे किलोमीटरभर गेल्यावरही निम्म्याहून अधिक प्रकाश शिल्लक! 1964 साली हा आकडा आशादायक होता. परंतु त्याच निबंधात एक निराशाजनक आकडाही होता. सुमारे दहा किलोमीटर त्रिज्येचे, म्हणजे साधारणतः कल्याण ते भिवंडी एवढ्या अंतराच्या त्रिज्येचे, मंद वळण दिले तरी हे क्षीणन दुप्पट होते. रस्त्यावरील कोणतीही केबल इतकी सरळ टाकता येत नाही. तेव्हा दूरसंचाराने भरीव काचतंतूची वाट धरली ती योग्यच होती.

आता तीच नळी चिपच्या मापाची करून पाहावी. त्रिज्या 5 मायक्रॉन केली, म्हणजे ती दोनशेपटीने घटली. दोनशेचा घन ऐंशी लक्ष. क्षीणन तितक्याच पटीने वाढते आणि मिलिमीटरला जवळजवळ पंधरा डेसिबेल होते. एका मिलिमीटरात तिसावा हिस्सा उरतो. सेंटीमीटरच्या शेवटी काही उरत नाही असे म्हणण्यास हरकत नाही.

हे असे का व्हावे, ते कोनाच्या भाषेत सांगितले म्हणजे डोळ्यांपुढे उभे राहते. नळीत मावणारा तरंग हा भिंतींवर आलटून पालटून आदळत जाणारा किरण मानला, तर नळी जितकी अरुंद तितका त्याचा भिंतीशी होणारा कोन मोठा. मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत हा कोन अंशाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा असतो. किरण पाच मीटर जातो तेव्हा कोठे एकदा भिंतीला लागतो. पाच मायक्रॉनच्या नळीत तोच कोन सुमारे साडेचार अंश होतो आणि किरण मिलिमीटरभरात सात-आठ वेळा भिंतीला लागतो. शिवाय प्रत्येक आघातात, कोन मोठा झाल्यामुळे, साधारण एक-तृतीयांश प्रकाश काचेत शिरतो. आघातांची संख्या वाढली आणि प्रत्येक आघातातील तोटाही वाढला, अशी ही दुहेरी शिक्षा आहे. पुलावरून दूर पाहणाऱ्याची नजर जणू पायाशी ओढली गेली आणि पाण्याचा आरसा विरघळला.

पदार्थाशी दाट सहवास हवा म्हणून गाभा लहान करावा, तर तो लहान होताच प्रकाश टिकत नाही. ह्या पेचातून वाट काढणे म्हणजेच पोकळ मार्गदर्शकाची रचना करणे होय.

उपाय ज्यात सापडला ती गोष्ट पावसाळ्यात प्रत्येकाने पाहिलेली असते. ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या पातळ पापुद्र्यावर रंग उमटतात. पापुद्र्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतलेले तरंग काही जाडीला एकमेकांस साथ देतात व काही जाडीला एकमेकांस मारतात. ह्याला व्यतिकरण म्हणतात. हीच युक्ती भिंतीवर योजली तर? भिंतीच्या आतल्या बाजूस अशा जाडीचा पातळ थर द्यावा की, त्यात शिरू पाहणारा प्रकाश थराच्या दोन पृष्ठभागांमध्ये नांदूच शकणार नाही आणि गाभ्यात परत फेकला जाईल. थरातील अनुस्पंदन जेथे होते ती जाडी टाळावयाची आणि त्याच्या नेमकी विरुद्ध जाडी निवडावयाची. म्हणून ह्या रचनेस प्रति-अनुस्पंदी परावर्तक मार्गदर्शक असे म्हणता येईल. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘ॲरो’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. द्युगे, कोकुबुन, कोख व फायफर ह्यांनी 1986 मध्ये ती प्रथम मांडली. मात्र त्यांचा गाभा भरीव होता. गाभा पोकळ ठेवून हीच रचना चिपवर उतरविण्याचे काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील होल्गर श्मिट आणि ब्रिगॅम यंग विद्यापीठातील ॲरन हॉकिन्स ह्यांच्या गटांनी केले. त्याचे पहिले परिणाम 2004 मध्ये प्रसिद्ध झाले.

थराची जाडी किती असावी? पुस्तकी उत्तर ‘पाव तरंगलांबी’ असे आहे, आणि नवख्याची चूक बहुधा येथेच होते. तरंगलांबी 800 नॅनोमीटर आणि सिलिकॉन नायट्राइडच्या थराचा वक्रीभवनांक 2 धरला, तर थरातील पाव तरंगलांबी 100 नॅनोमीटर येते. हे उत्तर काटकोनात पडणाऱ्या प्रकाशाचे आहे. येथे प्रकाश जवळजवळ भिंतीला घासून येतो. थरात शिरताना तो वळतो आणि लंबाशी 30 अंशांचा कोन करून जातो. तिरप्या वाटेचा हिशेब धरला की हवी ती जाडी सुमारे 115 नॅनोमीटर ठरते. सिलिकॉन डायऑक्साइडच्या थराला ही दुरुस्ती आणखी मोठी आहे. त्याचा वक्रीभवनांक 1.45; काटकोनाचे उत्तर 138 नॅनोमीटर, आणि खरे उत्तर 190 च्या आसपास. ह्या दोन प्रकारचे थर आलटून पालटून दिले म्हणजे एकातून निसटलेला प्रकाश पुढच्याने परतवावा अशी व्यवस्था होते.

ह्या रचनेचा एक मोठा गुण तिची सहनशीलता हा आहे. अनुस्पंदनाची जाडी अरुंद पट्ट्यात येते, प्रति-अनुस्पंदनाचा पट्टा मात्र रुंद असतो. नायट्राइडच्या थरात पाच-सात नॅनोमीटरांची चूक झाली तरी फारसे बिघडत नाही. थर चुकून दुप्पट जाड झाला, तर मात्र तो भिंत न राहता दार होतो.

गाभा कशा आकाराचा असावा हा प्रश्नही ह्याच विचारात मोडतो. विद्युत्-क्षेत्राची दिशा भिंतीला समांतर असेल तर भिंत चांगले परावर्तन देते. भिंतीवर उभी असेल तर वाईट. चौकोनी गाभ्यात वरची-खालची भिंत आणि दोन बाजूंच्या भिंती ह्या एकाच वेळी अनुकूल असू शकत नाहीत. म्हणून क्षेत्र आडवे ठेवून वरच्या-खालच्या भिंतींना अनुकूल करतात, आणि बाजूच्या प्रतिकूल भिंतींना दूर ढकलतात. पाच मायक्रॉन उंच व बारा मायक्रॉन रुंद असा गाभा ह्या क्षेत्रात वारंवार आढळतो, त्याचे कारण हे आहे. रुंदी उंचीच्या 2.4 पट केली की घनाच्या नियमाने बाजूच्या भिंतींतील गळती चौदा पटींनी उतरते. जो नियम गाभा लहान करताना शत्रू होता, तोच येथे उपयोगी पडतो.

कागदावरचे काम एवढे झाले. प्रत्यक्ष घडणीत अडचणींचा प्रकारच वेगळा आहे. भरीव तुकड्याच्या पोटात केसाच्या दशांशाएवढे भोक सेंटीमीटरभर पाडावयाचे कसे? ते पाडले जात नाही. पोकळीचा साचा आधी भरीव करतात, त्याभोवती भिंती चढवितात आणि मग आतला साचा काढून घेतात. भारतीय मूर्तिकारांस ही रीत अपरिचित नाही. मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतावयाचा, हे मधूच्छिष्ट-विधान बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात वर्णिलेले आहे. (त्याचा कर्ता सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा, ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, खाडीकाठचे कल्याण नव्हे.) फरक एवढाच की, मूर्तिकार पोकळी पुन्हा भरतो आणि येथे पोकळी हीच मूर्ती असते.

कामाचा क्रम साधारणपणे असा असतो. सिलिकॉनची चकती घेऊन तिच्यावर नायट्राइड व ऑक्साइडचे थर चढवितात. त्यासाठी वायूंचे मिश्रण प्लाझ्माच्या साहाय्याने विघटित करून चकतीवर साचू देतात; तापमान साधारणतः 250 ते 300 अंश सेल्सियस असते. ह्या थरांवर प्रकाशसंवेदी राळ पसरून, मुखवट्यातून तिच्यावर जंबुपार प्रकाश टाकून, गाभ्याच्या आकाराची बारीक पट्टी उठवितात. हीच पट्टी म्हणजे मेण. तिच्यावरून पुन्हा थर चढवितात, आणि शेवटी जाड ऑक्साइडचे छप्पर देतात. मग दोन्ही टोके उघडी करून चकती अम्लात ठेवतात. अम्ल पट्टी खाते, भिंतींस स्पर्श करीत नाही.

ह्यातील प्रत्येक पायरीत एकेक खाच आहे. साधी राळ थर चढविण्याच्या उष्णतेत करपते. म्हणून उष्णतेने घट्ट होणारी ‘एसयू-८’ ह्या नावाची इपॉक्सी राळ वापरतात. ती प्लाझ्माला टिकते, पण नंतर निघावयासही तितकीच चिवट असते, आणि तिच्यासाठी गंधकाम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड ह्यांचे कढत मिश्रण लागते. ॲल्युमिनियमची पट्टी अम्लात चटकन विरघळते. परंतु तापताना ती भोवतालच्या थरांपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावते आणि छपराला तडे जातात. पट्टीचा माथा सपाट ठेवला तर पोकळ झाल्यावर छप्पर दबण्याचे भय असते. राळ तापवून तिचा माथा गोलसर होऊ दिला, तर छपराला कमानीचे बळ येते. दगडी पुलाची कमान ज्या कारणाने भार पेलते, त्याच कारणाने पाच मायक्रॉनची ही कमानही पेलते.

खरी कसोटी मात्र वेळेची आहे. अम्ल टोकांकडून आत शिरते. आतला भाग खाल्ला जात असता ताजे अम्ल आत पोहोचणे आणि विरघळलेला मळ बाहेर येणे, दोन्ही त्या एकाच अरुंद वाटेने, केवळ विसरणाने व्हावयाचे. विसरणाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दोन मिलिमीटर पोखरावयास एक दिवस लागला असे धरले, तर चार मिलिमीटरांस चार दिवस आणि एक सेंटीमीटरास पंचवीस दिवस लागतील. इतका काळ कढत अम्लात राहिल्यावर भिंतींचा टिकाव लागणे हीच एक परीक्षा ठरते. म्हणून मध्ये मध्ये अम्लासाठी उपद्वारे ठेवावी लागतात, आणि प्रत्येक उपद्वार म्हणजे प्रकाशाला निसटण्याची एक नवी जागा. येथे रचनाकाराने हट्ट सोडून कारागिराचे ऐकावे हे उत्तम.

स्वच्छतेची गोष्ट वेगळी सांगावयास नको, तरी तिचे प्रमाण लक्षात यावे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील मागखात्यात हवेत तरंगणारा कापसाचा एक तंतूदेखील दहा-वीस मायक्रॉन जाड असतो, म्हणजे गाभ्याच्या उंचीहून दोन ते चार पट. असा एक तंतू चकतीवर पडला की ती नळी त्या जागी संपली. म्हणून हे सर्व काम गाळलेल्या हवेच्या धूलिरहित कक्षात, अंगभर पोशाख घालून करावे लागते.

नळी तयार झाल्यावर तिच्यात प्रकाश व पदार्थ दोन्ही घालावयाचे असतात, आणि टोके तर दोनच. ह्यावर योजलेली युक्ती सुंदर आहे. पोकळ नळीची टोके पदार्थासाठी राखून तेथे लहानशा टाक्या बसवितात, आणि त्याच चिपवरील भरीव मार्गदर्शकातून प्रकाश आणून तो नळीच्या भिंतीतून आत सोडतात. घासत्या कोनात येणाऱ्या प्रकाशाला जी भिंत आरसा असते, तीच काटकोनात येणाऱ्या प्रकाशाला पुष्कळ अंशी खिडकी असते. थर फार वाढविले तर आरसा सुधारतो, पण खिडकी मंदावते. म्हणून थरांची संख्या व जाडी ठरविताना दोन्ही कोनांचा हिशेब एकत्र करावा लागतो. आडव्या मार्गदर्शकातून प्रकाश टाकला तर गाभ्याच्या फारच थोड्या भागावर, लीटरच्या कितीतरी अब्जांशांहूनही लहान घनफळावर, तो पडतो आणि तेथून जाणारा एकेक कण वेगळा ओळखता येतो. ह्याच रचनेत द्रव भरून 2015 मध्ये इबोला विषाणूचे आनुवंशिक द्रव्य, त्याच्या प्रती न वाढविता, थेट मोजून दाखविण्यात आले.

पोकळ गाभ्यात रुबिडियम धातूचे बाष्प भरण्याचा प्रयोग 2007 मध्ये ह्याच गटांनी यशस्वी केला. रुबिडियमचे अणू 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्रकर्षाने शोषतात, आणि एरवी ह्या अभ्यासासाठी मुठीएवढे काचपात्र लागते. पुढे 2010 मध्ये अशाच चिपवर प्रकाशस्पंदाचा वेग सुमारे बाराशे पटींपर्यंत मंदावला. हे यश मोठे असले तरी त्याची मर्यादाही त्याच लहानपणात आहे. सुमारे तीनशे मीटर प्रतिसेकंद वेगाने फिरणारा अणू पाच मायक्रॉनची पोकळी सेकंदाच्या पन्नास-साठ लक्षांश नव्हे, तर पाच-सहा कोट्यंश भागात ओलांडतो आणि भिंतीवर आदळतो. दर आघाताने त्याची नाजूक अवस्था विस्कटते. भिंतींना मेणासारखे लेप देऊन हा आघात सौम्य करण्याचे प्रयत्न झाले आहेत. रुबिडियम भिंतींना चिकटून बसते, हीही तक्रार कायमच असते.

ॲरोखेरीज इतर वाटाही आहेत. येह व यारिव ह्यांनी 1976 नंतर अनेक समान थरांच्या भिंतींचे गणित मांडले होते. त्या वाटेने जाणारे थर अधिक देतात व अधिक काटेकोरपणे देतात. कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात थरांमधील दाबाचाच उपयोग करून घेतला गेला : ठरावीक पट्ट्यांवर थराची पकड सैल ठेवावयाची, म्हणजे तो आपण होऊन फुगतो आणि त्याखाली पोकळी तयार होते, अम्लाची गरजच राहत नाही. बर्कली येथे थरांऐवजी सिलिकॉनच्या सूक्ष्म गजांची एकच जाळी भिंत म्हणून वापरली. जर्मनीत येना येथे तर राळेचे उभे-आडवे नव्हे, केवळ लांबट समांतर तंतू त्रिमितीय मुद्रणाने चिपवर उभारून ‘प्रकाशाचा पिंजरा’ केला आहे. त्याच्या बाजू उघड्याच असतात. प्रकाश गजांमधून बाहेर पडत नाही, वायू मात्र सहज आत येतो. जी नळी टोकांकडून भरावयास महिने लागावेत, ती काही क्षणांत भरते. सीझियमच्या बाष्पात ह्या पिंजऱ्याचा प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ह्या सर्वांत आज सर्वांत अधिक आशा कोठे असेल तर ह्या उघड्या बाजूंत, असे म्हणावेसे वाटते. कारण अम्लाचा व वायूचा, दोघांचाही विसरणाचा प्रश्न ती एकदम मिटविते.

पोकळ तंतूंनी मात्र दूरसंचारात जुना हिशेब उलटविला आहे. काचेच्या पातळ नळ्या एकीत एक बसवून, त्यांच्या भिंती प्रति-अनुस्पंदी जाडीच्या ठेवून, साउथॅम्प्टन येथे केलेल्या तंतूचे क्षीणन किलोमीटरला 0.091 डेसिबेल इतके खाली आल्याचे 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. भरीव काचतंतूने अनेक दशकांत गाठलेल्या नीचांकापेक्षाही हे कमी आहे. तत्त्व चिपवरील थराचेच. पण गाभा बराच रुंद, आणि घनाचा नियम त्याच्या बाजूने. चिपवरच्या पोकळ नळीने ह्या आकड्याशी स्पर्धा करण्याचे कारण नाही. चिपवर नुसता प्रकाश एका जागेहून दुसरीकडे न्यावयाचा असेल, तर भरीव नायट्राइडचा मार्गदर्शक स्वस्त, टिकाऊ व अधिक चांगला आहे. पोकळ गाभ्याचा कोणी सरसकट पुरस्कार केला तर तो मान्य करण्यासारखा नाही.

महाराष्ट्रात ह्या कामाची पूर्वतयारी नाही असे नाही. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात (2018 पासून त्यास बहिणाबाई चौधरी ह्यांचे नाव आहे) सिलिकॉनवर मार्गदर्शकांसाठी सिलिकाचे थर चढविण्याचे काम झाले आहे. ते भरीव गाभ्यासाठी होते, पण थर चढविण्याची विद्या तीच. पवई येथे भारतीय तंत्रज्ञान संस्थेत 2006 मध्ये नॅनोइलेक्ट्रॉनिकीचे केंद्र स्थापन झाले, आणि केंद्र सरकारच्या एका योजनेखाली इतर विद्यापीठांतील संशोधकांनाही तेथील धूलिरहित कक्षात काम करता येऊ लागले. प्लाझ्माने थर साचविणे, मुखवट्यातून आकृती उठविणे, थराची जाडी प्रकाशाने मोजणे, ही साधने अशा कक्षात असतातच. ज्या विभागाकडे स्वतःचा कक्ष नाही त्यानेही रचनेचे गणित आपल्या टेबलावर करावे आणि घडणीसाठी पवई गाठावी, हा मार्ग मोकळा आहे. प्रारंभासाठी दोन मिलिमीटरांची नळी पुरे. तिच्यात हवा भरून, 700 ते 900 नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत क्षीणन मोजले आणि मिळालेला आलेख गणिताशी ताडून पाहिला, की थरांची खरी जाडी किती उतरली आहे ते त्या आलेखातील दऱ्या व शिखरेच सांगतात.